ड्रिल हॉलला आलेली माणसं

2025 च्या मे महिन्यात देशभर ते मॉक ड्रिलचं, म्हणजे युद्धाच्या रंगीत तालमीचं प्रकरण झालं तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींनी मेसेज टाकला, की आपणही संध्याकाळी थोडा वेळ लाईट घालवून बघू, जिन्यावर आणि गेटवर माणसं लागतील, कोण कोण येणार. झालं, अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी तिरंगा टाकला, कुणी ‘जय हिंद’, एकाने तर सायरनचा आवाजच फॉरवर्ड केला. प्रत्यक्षात गेटपाशी जमलो ते सातआठ जण, त्यातला एक कुत्रं फिरवायला निघालेला. आणि होते आमचे तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून रिटायर झालेले, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी, हातात एव्हरेडीचा पितळी टॉर्च. मी गंमतीनेच विचारलं, काका, खरंच काही झालं तर आपण काय करणार हो? ते म्हणाले, “आपण काय करणार, काहीच नाही. पण कुणीतरी खाली असायला नको?”

हे वाक्य डोक्यात अडकून बसलं ते बसलंच. आपला काडीचा उपयोग नाही हे पक्कं माहीत असताना माणूस चप्पल पायात सरकवून खाली का येतो?

मला यावर लगेच जे आठवलं ते फार लांबचं आहे, पार अटलांटिकच्या दक्षिण टोकाकडचं. फॉकलंड बेटं, ब्रिटिशांच्या ताब्यातली, पण अर्जेंटिना आपली म्हणतो ती. आता पुण्यातल्या माणसाला फॉकलंडचं काय पडलंय, तर त्याचं कारण विराट. शाळेत असताना नेव्ही वीकला मुंबईला नेलं होतं, गोदीत लांबलचक रांग, उन्हाने तापलेलं लोखंड, ताज्या करड्या रंगाचा आणि तेलाचा मिळून एक वास, आणि डेकवर एक नौसैनिक सांगत होता की हे जहाज आपल्याकडे यायच्या आधी ब्रिटिशांकडे ‘हर्मिस’ होतं आणि 1982 ला फॉकलंडच्या लढाईत ताफ्याचं मुख्य जहाज हेच होतं. माझ्या डोक्यात फॉकलंड म्हणजे फॉकलंड रोड, म्हणजे पठ्ठे बापूराव मार्ग, ज्याचं नाव घरात मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. म्हटलं तिथे कसली लढाई! पुढे कळलं की दोन्ही नावं एकाच सरदार घराण्याची, बेटांना सतराव्या शतकातल्या फॉकलंडचं, आणि रस्त्याला त्याच्या पुढच्या पिढीतल्या, 1848 ते 1853 मुंबईचा गव्हर्नर असलेल्या फॉकलंडचं. तेव्हापासून जे काही हाताला लागेल ते वाचत आलो. विमानवाहू जहाजं, हॅरियर विमानं हे सगळं मुलगा म्हणून आवडायचं, पण वय वाढलं तसं मन दुसरीकडेच घुटमळायला लागलं. तिथल्या स्टॅनली गावातल्या ड्रिल हॉलकडे, म्हणजे कवायतीच्या हॉलकडे.

1 एप्रिल 1982 ची संध्याकाळ. स्टॅनली म्हणजे राजधानी म्हणायची, पण वस्ती हजारेक माणसांची, सगळ्या बेटांची मिळून अठराशे. पत्र्याची छपरं, लाल हिरवी रंगवलेली, दारात लॅन्ड रोव्हर, आणि चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती, तिचा गोडसर धूर गावभर. घराघरात रेडिओचा एक खोका भिंतीवर. सव्वाआठच्या सुमारास त्या खोक्यातून गव्हर्नर रेक्स हंट बोलायला लागतात, की अर्जेंटिनाचा ताफा निघालाय, पहाटेपर्यंत पोचेल असं दिसतंय, लोकांनी घरात थांबावं, आणि डिफेन्स फोर्सच्या लोकांनी ड्रिल हॉलला हजर व्हावं. डिफेन्स फोर्स म्हणजे कोण, तर गावचेच लोक, दिवसा कुणी सरकारी कचेरीत, कुणी गोदामात, कुणी सुतारकाम करणारा. आठवड्याला कवायत, वर्षाला नेमबाजीच्या स्पर्धा, त्यानंतर बार. पटावर नावं शंभराच्या वर होती म्हणतात. त्या रात्री आले किती, याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे, पण पंचवीस ते चाळीसच्या मधलेच. बाकीच्यांची कारणं असतीलच की, कुणाची लहान मुलं, कुणी लांब मेंढ्यांच्या फार्मवर, आणि कुणाला सरळ भीती वाटली असेल, त्यात काय. मला आलेल्यांचं कुतूहल जास्त. त्यांना माहीत होतं काय येतंय ते. आख्ख्या बेटावर रॉयल मरीन्स, म्हणजे ब्रिटिश नौदलाचे लढाऊ सैनिक, साठसुद्धा नव्हते.

आलेल्यांना वाटून दिलं, तू टेलिफोन एक्स्चेंज, तू रेडिओ स्टेशन, तू वीजघर. पटावर नसलेले लोकही कामाला लागले. जॅक सॉलिस नावाचा कप्तान ‘फॉरेस्ट’ हे छोटं सरकारी जहाज घेऊन बंदराच्या तोंडाशी रात्रभर रडारवर डोळे लावून बसला. दीपगृहाचा दिवा बंद केला, विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्या आडव्या लावल्या. रेडिओवर पॅट्रिक वॉट्स नावाचा निवेदक रात्रभर जागा, मधे मधे गाणी लावतोय, आणि लोक त्यालाच फोन करून सांगतायत की आमच्या खिडकीतून असं असं दिसतंय. पहाटे गोळीबार सुरू झाला, गव्हर्नरच्या बंगल्याशी मरीन्स लढले, तिथे अर्जेंटिनाचा जियाकीनो हा अधिकारी मेला. आणि ड्रिल हॉलवाल्यांना काय हुकूम आला? गोळी चालवू नका. साडेनऊच्या आत सगळं संपलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि अर्जेंटिनाने ते दलच बरखास्त केलं.

नव्वद वर्षं कवायत केली ती या सकाळसाठी.

हो, नव्वदच, कारण हे सगळं सुरू झालं 1892 ला, आणि ती गोष्ट जरा हसू येणारी आहे. चिलीचं एक जहाज, ‘पिल्कोमायो’ नावाचं, पोटात दोनेकशे हत्यारबंद सैनिक, स्टॅनलीच्या बंदरात आसऱ्याला आलं. त्यांनी काहीही केलं नाही, आले तसे निघून गेले. पण गव्हर्नर रॉजर गोल्ड्सवर्दीच्या पोटात गोळा आला, की अरे, यांच्या मनात आलं असतं तर? लंडन हजारो मैलांवर, मदत यायची तर आठवडे जाणार. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन थंडीत, गव्हर्नरच्या बंगल्यावर सदतीस जणांना शपथ दिली आणि फॉकलंड आयलंड्स व्हॉलंटियर्स उभे राहिले. कसलं बेट ते! झाड म्हणून मुळात एकही नाही, बारा महिने वारा, माणसांपेक्षा मेंढ्या शेकड्याच्या पटीने, जेवणात रोज मटण आणि म्हणून त्या मटणाला नावच पडलेलं ‘365’. बरीचशी जमीन एका कंपनीच्या हातात, दुकान तिचं, गोदी तिची. अशा ठिकाणी दर आठवड्याला सगळ्यांनी एकत्र यायचं, एकसारखे कपडे, एकसारखं पाऊल, नेमबाजीत कंपनीच्या मॅनेजरला त्याच्याच मजुराने हरवायचं, हे लोकांना आवडलं नसतं तरच नवल. मला तर वाटतं अर्ध्याहून जास्त ओढ हीच असणार. शत्रू हे निमित्त, बाहेर पडायला कारण पाहिजे होतं.

पण इथे आलं की माझा पाय अडखळतो, दर वेळी.

कारण 1892 हे साल आपल्याकडे दुसऱ्याच गोष्टीसाठी लक्षात ठेवायचं. त्याच सुमारास ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यानपिढ्या कंपनीच्या आणि मग राणीच्या पलटणीत घालवलेली घरं, सुभेदार हवालदार झालेली माणसं, त्यांना एका फटक्यात सांगितलं की तुम्ही लढाऊ जातीतले नाही. निवृत्त हवालदार गोपाळबुवा वलंगकर दापोलीला होते, त्यांनी 1894 ला सरकारला लांबलचक विनंतीपत्र केलं, आम्हाला परत घ्या म्हणून. सरकार ढिम्म. आणि जे पगारी शिपाई नाहीत, नुसते नागरिक आहेत, त्यांचं काय? व्हॉलंटियर पलटणी इथेही होत्या की. मुंबईत होती, पुण्यात होती, जीआयपी रेल्वेची स्वतःची होती, पण त्या गोऱ्यांच्या आणि अँग्लो इंडियन लोकांच्या. आपल्या माणसाला 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नव्हती. 1885 ला रशिया अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर आला, युद्ध पेटतंय असं वाटलं, तेव्हा इथल्या शिकल्यासवरल्या लोकांनी अर्ज केले की आम्हालाही व्हॉलंटियर म्हणून घ्या, आम्हीही राखण करू. नाही म्हणाले. 1886 ला कलकत्त्याच्या काँग्रेसने तसा ठरावच केला. तरी नाही. म्हणजे सात रुपड्यांसाठी मरणारा शिपाई चालत होता, स्वतःहून येणारा माणूस नको होता, कारण स्वतःहून आलेला माणूस उद्या स्वतःहून दुसरीकडेही जाऊ शकतो.

हे कळल्यावर त्या सदतीस जणांकडे बघायची नजर बदलते. त्यांच्या हातात रायफल दिली ती ते नेमबाज होते म्हणून नाही, ते ‘आपले’ होते म्हणून. बरं, गंमत अशी की हेच इंग्रज जेव्हा मुंबईत नवखे होते, तेव्हा मुंबईही एक लांबचं, दलदलीचं, एकाकी बेटच होतं, आणि तेव्हा इथला इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला इथल्याच लोकांची गरज पडली. त्याने उभी केलेली भंडारी मिलिशिया, म्हणजे भंडारी समाजातल्या लोकांचं राखणदार दल, पाचसहाशे माणसं, ठाणी माहीम, शिवडी आणि शीवला. मुंबई पोलीस आपली वंशावळ सांगताना तिथूनच सुरू करतात. म्हणजे गरज असली की विश्वास बसतो आणि बस्तान बसलं की उडतो. हे एवढं सरळ आहे का, नसेलही, पण मला दरवेळी तसंच दिसतं.

असो. बेटावर परत जाऊ. 1914 ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलला जर्मन अॅडमिरल फॉन श्पेने ब्रिटिशांची दोन जहाजं बुडवली, माणूस एक वाचला नाही, आणि आता तो इकडे येणार हे उघड होतं. गव्हर्नर अॅलर्डाइसने बायकामुलांना गावाबाहेर फार्मवर पाठवलं. ‘कॅनोपस’ नावाची एक म्हातारी युद्धनौका होती, तिला बंदराच्या चिखलात मुद्दाम रुतवून किल्ला केलं. व्हॉलंटियर्स घोड्यांवर, टेकड्यांवर, रोज समुद्राकडे डोळे. आठवड्यांमागून आठवडे असे. 7 डिसेंबरला अॅडमिरल स्टर्डीचा मोठा ताफा पोचला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, अगदी ठरवून केल्यासारखा, फॉन श्पे समोर. जर्मनांची चार क्रूझर बुडाली, दोन हजारांच्या आसपास माणसं त्या बर्फगार पाण्यात गेली. ब्रिटिशांची दहा. इतिहासाच्या पुस्तकात पुढची पानं तोफांची.

मला त्यातलं फिट्झरॉयच्या फार्मवरचं स्वयंपाकघर दिसत राहतं. तिथल्या मॅनेजरची बायको म्युरिएल फेल्टन, तिला स्टॅनलीहून फोन आला की जर्मन जहाजं येतायत, लक्ष ठेवा. घरात कामाला दोन मुली, क्रिस्टिना गॉस आणि मॅरियन मॅक्लाउड. त्या दोघींनी पाळी लावली, एकीने घोड्यावर बसून टेकडीवर जायचं, कुठलं जहाज कुठे सरकतंय ते टिपून घ्यायचं, खाली यायचं, मग दुसरी. आणि मिसेस फेल्टन फोनपाशी उभी राहून ते सगळं स्टॅनलीला कळवतेय. त्या बातमीवर ‘ब्रिस्टल’ आणि ‘मॅसेडोनिया’ ही दोन जहाजं नेमक्या जागी जाऊन उभी राहिली आणि जर्मनांची मागे राहिलेली कोळशाची जहाजं अडवता आली. आता विचार करा, डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, पण वारा तोच, घोडं दमलेलं, स्कर्ट सावरत टेकडी चढायची, ज्या जहाजांचे फक्त आकार माहीत ती ओळखायची, आणि चूल तशीच जळत ठेवलेली. या तिघी कुठल्याही पटावर नव्हत्या. कुणी त्यांना शपथ दिली नव्हती. पुढे नौदलाने त्यांना चांदीच्या तबकांची भेट दिली, मिसेस फेल्टनला किताबही मिळाला. व्हॉलंटियर्सनी किती वेळा टेकड्यांवर उभं राहून काही न दिसताच परत घर गाठलं असेल त्याची नोंद कोण ठेवणार, आणि त्या दिवशी नेमकी दिसायची वेळ आली ती या मुलींच्या पाळीवर.

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत वाट बघण्यापलीकडे फारसं काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर नाव बदलून डिफेन्स फोर्स झालं. दुसऱ्या महायुद्धात हे लोक परत टेकड्यांवर, मग जपान येईल या धास्तीने 1942 ला यॉर्कशायरहून आख्खी पलटण आली, जवळपास बेटावरच्या वस्तीएवढी माणसं, आणि जपान काही आला नाही. 1966 ला मात्र खरंच कुणीतरी आलं. 28 सप्टेंबरला अर्जेंटिनाच्या अठरा तरुण राष्ट्रवाद्यांनी प्रवासी विमान पळवून स्टॅनलीला आणलं. विमानतळच नव्हता तेव्हा, तर ते उतरलं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर आणि चाकं चिखलात रुतली. गावकरी बिचारे मदतीला धावले, वाटलं अपघात झालाय, तर त्यांनाच ओलीस धरलं. मग मूठभर मरीन्स आणि डिफेन्स फोर्सचे लोक विमानाला वेढा घालून रात्रभर थंडीत पडून राहिले. कुणी गोळी चालवली नाही. फादर रोएल नावाच्या कॅथलिक पाद्र्याने मध्यस्थी केली, आतले लोक गारठून बाहेर आले, हत्यारं मात्र त्यांनी ब्रिटिशांना द्यायची नाहीत म्हणून विमानाच्या कॅप्टनकडे दिली. मला या सगळ्या इतिहासातला डिफेन्स फोर्सचा हाच सगळ्यात मोठा विजय वाटतो, कुणी तसं म्हणत नसलं तरी. आमच्या चाळीत भांडणं सुटायची ती पद्धत, सगळे गोल उभे राहायचे आणि एक म्हातारा मधे जायचा.

ओलीस धरलेल्यांत टेरी पेक नावाचा पोलीस सार्जंट होता. तोच 1982 ला परत भेटतो. आता तो माजी पोलीसप्रमुख, अर्जेंटिनाचा अंमल आल्यावर मोटारसायकल घेऊन स्टॅनलीतून निसटला, ओसाड मुलखात लपतछपत राहिला, आणि ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोसला उतरल्यावर पॅराशूट पलटणीला वाट दाखवत माउंट लाँगडनच्या लढाईपर्यंत गेला. ड्रिल हॉलमधल्या काहींना इतर संशयितांबरोबर ‘फॉक्स बे’ या वस्तीवर नेऊन नजरकैदेत ठेवलं. आणि फार्मवरचे साधे लोक रात्री दिवे न लावता ट्रॅक्टर आणि लॅन्ड रोव्हर हाकत दारूगोळा पुढे नेत होते. त्यात ट्रूडी मॅकफी ही फार्मवरची बाई सगळ्यांच्या पुढे चालायची, हातात पांढरे हातमोजे, म्हणजे मागच्या ड्रायव्हरला अंधारात तिच्या हाताच्या खुणा दिसाव्यात. हे वाचलं तेव्हा मी खरंच पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. चौऱ्याहत्तर दिवसांत अर्जेंटिनाचे 649 गेले, त्यातले कितीतरी सक्तीने भरती केलेली पोरं, उत्तरेच्या उष्ण प्रांतातून थेट ओल्या खंदकात आणून बसवलेली, ब्रिटिशांचे 255 गेले, आणि बेटावरच्या तीन बायका ब्रिटिशांच्याच तोफगोळ्याने गेल्या. अर्जेंटिनातल्या एखाद्या आईला मी हे ड्रिल हॉलचं कौतुक सांगायला गेलो तर ती माझ्याकडे कशी बघेल, हेही मनात येतंच.

आणि तरी मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. ज्या रात्री ते तीसेक जण ड्रिल हॉलला आले, त्याच्या जेमतेम पाच महिने आधी लंडनच्या संसदेने नागरिकत्वाचा नवा कायदा केला होता, आणि त्यात या बेटावरच्या बऱ्याच लोकांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व जाणार होतं. तिथली गस्तीची ‘एन्ड्युरन्स’ ही बोटही खर्च परवडत नाही म्हणून काढून घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे 1892 ला ‘आपले’ म्हणून ज्यांच्या हाती रायफल दिली त्यांची नातवंडंपणतवंडं, ती आता पुरती आपली राहिली नव्हती, आणि तरी रेडिओवर नाव न घेता हाक मारली तर आली. लढाई जिंकल्यावर मग 1983 ला खास कायदा करून त्यांना नागरिकत्व दिलं, दलही नव्याने उभं केलं. आता त्यात बायकाही आहेत, 8 डिसेंबरला अजून सुट्टी असते, तोफांची सलामी होते, आणि ज्या चिलीच्या जहाजाला घाबरून हे सुरू झालं त्या चिलीतून आलेली कितीतरी कुटुंबं आज स्टॅनलीत राहतात.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला फोनवर तासभर ऐकवलं. तिचं माहेर महाडकडचं, घरात तीन पिढ्या फौजेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझ्या त्या तिसांचं ठीक आहे रे, त्यांना हाक तरी मारली. आमच्याकडचे तर हाक न मारता दारात उभे होते.” मग तिनेच मला हिशेब सांगितला, की पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला महारांची पलटण काढली, युद्ध संपल्यावर 1921 ला मोडून टाकली, आणि परत महायुद्ध आलं तेव्हा 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी केली. मी म्हटलं, म्हणजे तुमचं 1941 आणि त्यांचं 1983. ती म्हणाली, “त्यांना एक वर्ष थांबावं लागलं, आम्हाला एकोणपन्नास. आणि आता ठेव, कुकर लावायचाय.”